पिकअपच्या प्रॉपेलर शाफ्टची थरथर आणि डिजिटल कोनमापक: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

चुंबकी तळाचा, मुठीत मावणारा, ०.१ अंशापर्यंत आकडा दाखवणारा डिजिटल कोनमापक हे तसे साधे उपकरण आहे. सुतारकाम करणारे करवतीचे पाते लावताना तो वापरतात आणि फिटर पाइपचा उतार पाहताना. मी तो घेतला तो एकाच कामासाठी. माझ्या पिकअपच्या प्रॉपेलर शाफ्टमधून, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब नळीतून, येणारी थरथर कुठून येते हे मला नक्की समजून घ्यायचे होते. वर्षभर वापरल्यानंतर त्याच्याबद्दल लिहावे असे वाटले, कारण या उपकरणाचे वर्णन करताना बहुतेक जण त्याची अचूकता आणि बॅटरी यांवर थांबतात. गाडीखाली आडवे पडून त्याच्या आकड्यांवर विसंबायचे असेल तर खरी माहिती वेगळीच लागते. माझा अभिप्राय आधीच सांगतो. उपकरण चांगले आहे आणि जवळ असावे असे आहे. पण गाडी रस्त्यावर नीट चालवून तक्रार कोणत्या जातीची आहे हे ठरवण्याआधी ते हातात घेतले, तर ते अत्यंत अचूक पण निरुपयोगी आकडे देत राहते.

माझ्या गाडीला दोन तुकड्यांचा प्रॉपेलर शाफ्ट आहे, मध्ये चासीच्या आडव्या पट्टीला टांगलेले सेंटर बेअरिंग आहे, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत आणि पाच गिअरचा साधा, हाताने बदलायचा गिअरबॉक्स आहे. तक्रारी दोन होत्या. गाडी जागेवरून उचलताना, साधारण ५ ते २५ किलोमीटरच्या वेगात, सगळी केबिन हादरायची आणि मग एकदम शांत व्हायची. पुढे ८५ ते ९५च्या दरम्यान आसनाखालून आणि फरशीतून एक बारीक, सलग कंप यायचा आणि त्याच्यासोबत कानाला दडे बसल्यासारखी घुमही ऐकू यायची. हे दोन्ही सुरू झाले ते एका गॅरेजमध्ये शाफ्टचे क्रॉस (शाफ्टला वाकू देणाऱ्या सांध्यांमधले चौफुलीसारखे तुकडे) बदलून घेतल्यानंतर. परत गेल्यावर तिथे चाके बॅलन्स केली गेली, मग चाकांचे अलाइनमेंट झाले, मग इंजिनाचे माउंटिंग बदलायला हवे असे सांगण्यात आले. प्रत्येक सल्ला स्वतंत्रपणे पाहिला तर अशक्य नव्हता. पण त्यांपैकी एकाही सल्ल्याच्या आधी कोणी काही मोजले नव्हते, आणि माझा मुख्य आक्षेप तोच होता.

म्हणून कोनमापक येण्याआधीचे काही दिवस मी केवळ गाडी चालवण्यात घालवले. कंपाचा शोध घेताना पहिला प्रश्न असा की तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे की गाडीच्या वेगाशी. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ९० चा वेग धरून पाचव्या गिअरमधून चौथ्यात आलो. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या, पण फरशीतला कंप तसाच, त्याच लयीत राहिला. मग त्याच वेगात क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन मंद फिरू दिले (चावी मात्र कधीही बंद करू नये, कारण स्टिअरिंग आणि ब्रेक यांची मदत जाते), तरी कंप राहिलाच. म्हणजे इंजिन, क्लच आणि इंजिनाचे माउंटिंग या तिन्ही गोष्टी या तक्रारीतून बाहेर पडल्या. जे माउंटिंग बदलायला सांगितले होते ते या एका चाचणीने वाचले.

उचलतानाच्या हादऱ्याचा संशय सगळ्यात आधी क्लचवर जातो, आणि ते स्वाभाविक आहे. क्लचची प्लेट तेलकट किंवा असमान झिजलेली असली तरी गाडी अशीच हादरते. मात्र क्लच हादरतो तो प्लेट घसरत असेपर्यंतच, पायडल पूर्ण सुटल्यावर त्याचा संबंध संपतो. मी पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, इंजिनाच्या मंद फेऱ्यांवर गाडी सरपटू दिली आणि मग ॲक्सिलरेटर जोरात दाबला. हादरा आला, आणि वेग वाढला तसा तो अधिक जलद होत गेला. क्लच दोषी असता तर असे झाले नसते. दुसरा पुरावा मला जास्त बोलका वाटला. मागे माल भरला की हादरा जवळजवळ नाहीसा व्हायचा. क्लच खराब असेल तर वजन वाढल्यावर हादरा वाढायला हवा. वजनाने कमी होणारा हादरा म्हणजे वजनाने बदलणारी एखादी गोष्ट दोषी आहे, आणि मागची बाजू खाली बसल्यावर ठळकपणे बदलतो तो शाफ्टचा कोन.

आकडेमोड इथे फार उपयोगी पडते आणि ती कोणालाही जमण्यासारखी आहे. माझ्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर आहे. ९०च्या वेगात गाडी मिनिटाला १,५०० मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ६८२ फेऱ्या घेते, सेकंदाला ११.४. डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या संचाचे) गुणोत्तर ४.१ असल्यामुळे शाफ्ट त्याच वेळी मिनिटाला सुमारे २,७९५ फेऱ्या घेतो, सेकंदाला ४६.६. टायरचा असमतोल असेल तर सेकंदाला ११ वेळा ढकलल्यासारखा जाड कंप येतो, तो बहुधा स्टिअरिंगमध्ये किंवा आसनात जाणवतो. शाफ्टचा असमतोल सेकंदाला ४६ वेळांचा, म्हणजे बारीक झिणझिणल्यासारखा असतो. आणि क्रॉसच्या कोनातून येणारा कंप शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोनदा होतो, म्हणजे सेकंदाला ९३ वेळा. तो हाताला जाणवण्यापेक्षा कानाला घुमेसारखा ऐकू येतो. उचलताना हेच गणित वेगळे दिसते. १५च्या वेगात शाफ्ट सेकंदाला जेमतेम ८ फेऱ्या घेतो आणि कोनाचा कंप १५-१६ वेळांचा होतो, जो संपूर्ण केबिन हलवायला पुरेसा संथ असतो.

फोनमधले कंपन मोजणारे ॲप यासाठी मी वापरले आणि कोनमापकाचा जोडीदार म्हणून त्याची शिफारस करतो, पण एका इशाऱ्यासह. फोनचा संवेदक सेकंदाला जितक्या वेळा नोंद घेतो, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच त्याचे म्हणणे खरे धरता येते. सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या ॲपवर ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपांच्या) पलीकडचे काहीही विश्वासाने दिसत नाही. उलट ९३ हर्ट्झचा कंप त्यात ७ हर्ट्झ म्हणून उमटू शकतो, आणि मग माणूस बिचाऱ्या टायरांच्या मागे लागतो. माझ्या फोनमध्ये सेकंदाला सुमारे २०० नोंदी होतात, त्यामुळे ९३ काठावर का होईना दिसला. फोन आसनावर न ठेवता आसनाच्या रुळाला घट्ट पट्टीने बांधावा, कारण गादी बारीक कंप गिळून टाकते. पाचव्या गिअरमध्ये, ९०च्या वेगात दोन शिखरे आली. मोठे ४६-४७वर आणि लहान ९३च्या आसपास. चौथ्या गिअरमध्ये ही चाचणी घेऊ नये. माझ्या गिअरबॉक्ससारखा ज्यांचा चौथा गिअर थेट असतो त्यांच्या इंजिनाच्या आणि शाफ्टच्या फेऱ्या तिथे एकच होतात आणि दोघांना वेगळे करता येत नाही.

आता माझ्यासमोर दोन वेगळे दोष आहेत हे स्पष्ट झाले होते आणि कोनमापकाचे काम त्यांतल्या एकाशीच होते. शाफ्टचा कोन कंप का निर्माण करतो हे थोडे समजून घ्यायला हवे, कारण त्याशिवाय आकड्यांना अर्थ राहत नाही. क्रॉसचा सांधा सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्डानो यांच्या नावाने आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुक यांच्या नावानेही ओळखला जातो. त्याचा स्वभावदोष इतका जुना आहे आणि आजही तसाच आहे. एक बाजू एकसारख्या गतीने फिरली तरी वाकवलेल्या सांध्याच्या पलीकडची बाजू एका फेरीत दोनदा पुढे सरकते आणि दोनदा मागे रेंगाळते. ही घट आणि वाढ कोनाच्या कोसाइनवर ठरते. ४ अंशांना ती साधारण पाव टक्का असते, ८ अंशांना एक टक्का, म्हणजे कोन दुप्पट केला की त्रास चौपट होतो. याचा इलाज असा की शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तितक्याच कोनाचा दुसरा सांधा असावा आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे काटे) एकाच रेषेत असावेत, म्हणजे पहिल्याने केलेली चूक दुसरा पुसून टाकतो. म्हणून शोध घ्यायचा असतो तो दोन कोनांमधल्या फरकाचा. हा फरक एक अंशाच्या आत असावा आणि वेगाने फिरणाऱ्या शाफ्टचे कोन साधारण ३ अंशांपलीकडे जाऊ नयेत, असा कारागिरांचा सर्वसाधारण दंडक आहे. कोन अगदी शून्य असणेही चांगले नाही. अर्धा-एक अंश नसेल तर क्रॉसच्या कपातले सुईसारखे रोलर जागचे हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खाचा पाडतात.

इथे कोनमापक खरा उतरतो. माझ्याकडच्या उपकरणावर ०.२ अंशांपर्यंतची चूक शक्य असल्याचे छापलेले आहे. एका अंशाच्या फरकावर निर्णय घ्यायचा असताना ही चूक मोठी वाटते आणि मलाही सुरुवातीला ती खटकली. मी उपकरण एका सपाट लोखंडी पट्टीवर ठेवून आकडा घेतला, मग जागेवरच टोके उलटी करून पुन्हा घेतला. दोन्ही आकडे सारखे यायला हवे होते, ०.३चा फरक आला, म्हणजे उपकरण एका बाजूला ०.१५ अंश झुकते दाखवत होते. पण सांध्याचा कोन ही दोन वाचनांची वजाबाकी असते. दोन्ही वाचने घेताना उपकरणाचे तेच टोक गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवले तर ही कायमची चूक दोन्हीकडून वजा होऊन निघून जाते. मी उपकरणाच्या एका टोकावर रंगाचा ठिपका दिला आहे आणि तो ठिपका नेहमी इंजिनाकडे असतो. एवढ्या एका सवयीने हे बेताच्या अचूकतेचे उपकरण या कामापुरते अतिशय विश्वासार्ह होते. जमीन थोडी उतरती असली तरी त्याच कारणाने बिघडत नाही, कारण उतार सर्व वाचनांत सारखाच मिसळतो.

ठेवण्याची जागा मात्र फार जपून निवडावी लागते. तळाला लांब खाच असल्यामुळे शाफ्टच्या नळीवर उपकरण सरळ बसते, आणि जे कोनमापक सपाट तळाचे असतात ते या कामासाठी घेऊ नयेत असे मी म्हणेन, कारण ते गोल नळीवर डुलत राहतात. नळीवरची माती आणि रंगाचे पोपडे काढून, बॅलन्सिंगच्या वजनांपासून आणि वेल्डिंगच्या कडांपासून दूर ठेवावे. खरी अडचण येते गिअरबॉक्सशी. माझ्या गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे आहे, तिथे चुंबक चिकटत नाही, आणि ओबडधोबड ओतीव पृष्ठभागावर हाताने धरून घेतलेल्या वाचनाला किंमत नाही. याला उपाय म्हणजे शाफ्ट काढून, गिअरबॉक्सच्या आणि पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या) लोखंडी फ्लँजच्या, म्हणजे जोडाच्या चकतीच्या, घासलेल्या उभ्या तोंडावर उपकरण लावणे आणि आलेला आकडा ९०तून वजा करणे. हे कष्टाचे असले तरी मी दोनदा केले, कारण पिनियनचा कोन चुकला तर पुढचे सगळे गणित चुकते. शाफ्ट काढताना फ्लँज आणि योक दोन्हींवर खुणा करून ठेवाव्यात, आणि सरकत्या दात्यांचा जोडही खूण न करता वेगळा करू नये. दात एका घराने जरी सरकला तरी योकांची रेष मोडते आणि नवाच कंप तयार होतो. योक एका रेषेत आहेत का, हेही हाच कोनमापक सांगतो. शाफ्ट न हलवता मागच्या तुकड्याच्या एका टोकाच्या योकच्या कानावर आडवे वाचन घ्यायचे आणि मग दुसऱ्या टोकाच्या. माझ्याकडे ०.४ अंशाचा फरक आला, म्हणजे गॅरेजने निदान ते नीट जोडले होते.

आणखी एक गोष्ट मी एक संपूर्ण संध्याकाळ वाया घालवून शिकलो. पहिल्यांदा मी गाडी चासीला आधार देऊन उचलली, मागचा ॲक्सल पाट्यांना लटकत राहिला आणि मागच्या शाफ्टचा कोन १२ अंशांच्या वर आला. तो आकडा खरा होता, पण त्या अवस्थेत गाडी कधीच चालत नाही. वजन चाकांवर असताना, म्हणजे खड्ड्यावर, रॅम्पवर किंवा ॲक्सलखाली भक्कम स्टँड देऊनच कोन मोजावेत, आणि मोजण्याआधी गाडी दोन-तीन वेळा दाबून सोडावी, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात.

रिकाम्या गाडीची माझी वाचने अशी आली. सर्व कोन मागे उतरते धरले आहेत. गिअरबॉक्स ४.०, पुढचा शाफ्ट ३.६, मागचा शाफ्ट ७.७ आणि पिनियन ४.९ अंश. यांची वजाबाकी केली की पुढच्या सांध्याचा कोन ०.४, मधल्या सांध्याचा ४.१ आणि मागच्या सांध्याचा २.८ अंश येतो. मधला आणि मागचा हे दोघे एकमेकांची चूक पुसणारे जोडीदार, आणि त्यांच्यातच १.३ अंशांची तफावत. गाडी उचलताना ही तफावत आणखी वाढते. चाकांना जोर देताना डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते, पाटे किंचित पिळतात, मागच्या सांध्याचा कोन कमी होतो आणि मधल्याचा तसाच राहतो. मग मी मागे माल भरून पुन्हा मोजले. गिअरबॉक्स ५.३, पुढचा शाफ्ट ४.९, मागचा ५.६, पिनियन ४.८. म्हणजे मधल्या सांध्याला ०.७ आणि मागच्याला ०.८. दोन्ही जवळजवळ सारखे, दोन्ही लहान. वजन भरल्यावर हादरा का नाहीसा होतो याचे उत्तर त्या दोन आकड्यांत मिळाले, आणि इतक्या दिवसांच्या अंदाजांनंतर ते असे स्वच्छ समोर आले याचा मला मनापासून आनंद झाला.

पण कोन कशामुळे चुकला, हे कोनमापक सांगत नाही. पुढचा शाफ्ट गिअरबॉक्सपेक्षा कमी उतरता, म्हणजे मागच्या टोकाला थोडा वर गेलेला होता आणि मागचा शाफ्ट गरजेपेक्षा जास्त उतरता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडवणारी जागा एकच आहे, ती म्हणजे सेंटर बेअरिंग, आणि ते आपल्या जागेपेक्षा वर बसलेले असले पाहिजे. ब्रॅकेटजवळ टॉर्च धरून पाहिले तेव्हा आडव्या पट्टीवर जुन्या पॅकिंगचा स्वच्छ, न गंजलेला ठसा दिसला. क्रॉस बदलताना ब्रॅकेट काढले गेले आणि पट्टी व ब्रॅकेट यांच्यामधले पॅकिंग परत बसवलेच गेले नव्हते. त्यामुळे बेअरिंग १० मिलिमीटर वर गेले. ६०० मिलिमीटरच्या पुढच्या शाफ्टवर १० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश, आणि १,१०० मिलिमीटरच्या मागच्या शाफ्टवर अर्धा अंश. हिशेब वाचनांशी जुळत होता. १० मिलिमीटरचे पॅकिंग दोन्ही बोल्टखाली सारखे घालून पुन्हा मोजले तेव्हा पुढचा शाफ्ट ४.६ आणि मागचा ७.२ आला. मधला सांधा २.६, मागचा २.३. पहिल्याच उचलीला केबिन शांत राहिली. ॲपवरचे ९३चे लहान शिखरही दिसेनासे झाले आणि त्यासोबत कानातली घुमही गेली.

४६चे मोठे शिखर मात्र होते तसेच राहिले, आणि कोनमापकाची हद्द इथे संपते. शाफ्टचा असमतोल कोणत्याही कोनमापकाला दिसणार नाही. ज्यांच्याकडे फक्त हे एक उपकरण असते ते अशा वेळी कोन आणखी जुळवत बसतात, पाचर घालतात, पाटे उघडतात, आणि चांगली बसलेली गाडी बिघडवतात. मी नळी पुसून पाहिली तेव्हा मागच्या तुकड्यावर वेल्डिंगचे दोन जुने ठिपके दिसले, जिथे पत्र्याचे वजन असायला हवे होते. खात्री करण्यासाठी होज क्लिपचा जुना उपाय केला. नळीच्या मागच्या टोकाशी चार खुणा करायच्या, क्लिपचा स्क्रू एकेका खुणेवर आणून तीच चाचणी त्याच वेगात घ्यायची. एका जागी कंप उघड वाढला आणि समोरच्या जागी जवळजवळ निम्मा झाला. दोष असमतोलाचाच होता हे त्यावरून ठरले. क्लिप ब्रेकच्या नळीला किंवा फरशीला कुठेही लागत नाही हे पाहूनच गाडी हलवावी आणि ती कायमचा इलाज म्हणून ठेवू नये.

शाफ्ट काढून यंत्रावर बॅलन्स करून घेतला, तिथे सुमारे २० ग्रॅम वजन लागले. २० ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते. पण ३८ मिलिमीटर त्रिज्येवर, मिनिटाला २,७९५ फेऱ्यांत ते साधारण ६५ न्यूटनचा जोर देते, म्हणजे साडेसहा किलोचे ओझे सेकंदाला ४६ वेळा चहूबाजूंनी फिरत चासीला ओढत राहावे तसे. बॅलन्सिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात शाफ्टसाठी सर्वसाधारण जी४० आणि अधिक काटेकोर गरजेसाठी जी१६ अशा श्रेणी आहेत. १० किलोचा शाफ्ट, ३,००० फेऱ्या आणि जी१६ धरले तर याच त्रिज्येवर प्रत्येक टोकाला फक्त सुमारे ७ ग्रॅमची सूट उरते. शाफ्ट यंत्रावर देताना नवे क्रॉस बसवूनच द्यावा आणि नळी वाकडी आहे का हे डायल गेजने आधी पाहून घ्यायला सांगावे. वाकड्या नळीवर वजने लावत जाणे हे दुखणे झाकण्यासारखे आहे.

उपकरणाच्या मर्यादांविषयी आणखी थोडे. ते फक्त बाजूने दिसणारा, वर-खालीचा कोन मोजते. शाफ्ट वरून पाहिल्यावर डावी-उजवीकडेही झुकलेला असेल तर खरा कोन या दोन्हींचा मिळून होतो. २.६ अंश उभा आणि १.५ अंश आडवा असेल तर सांधा प्रत्यक्षात ३ अंशांवर चालतो. आडवा कोन ओळंबा टांगून, जमिनीवर रेषा आखून मोजावा लागतो. जाम झालेला क्रॉसही कोनमापकाला कळत नाही, आणि हातालाही फसवतो. हाताने हलवून पाहिल्यावर त्यात जरासुद्धा खेळ लागत नाही, म्हणून तो निर्दोष वाटतो, पण शाफ्ट काढून सांधा चारही दिशांना वळवला की एखाद्या जागी अडकतो. कपाच्या कडेला लालसर भुकटी दिसली तर रोलर कोरडे पडले आहेत असे समजावे. सेंटर बेअरिंगचे रबर फाटलेले असेल तर उभ्या गाडीत सगळे कोन बरोबर येतात आणि जोर पडल्यावर शाफ्ट उड्या मारतो. म्हणून मोजण्याआधी शाफ्ट बेअरिंगपाशी हाताने वर-खाली ढकलून पाहावा. सरकत्या दात्यांत ग्रीस नसेल तर थांबताना किंवा निघताना एकच धप्प असा आवाज येतो, त्याचाही कोनांशी संबंध नाही. ज्यांच्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे त्यांनी सलग वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखा थरकाप येत असेल तर आधी ब्रेकच्या पायडलला हलका स्पर्श करून पाहावा. त्याने टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाच्या जोडाचा) लॉक सुटतो. थरकाप त्याच क्षणी थांबला तर शाफ्टखाली जाण्याचे कारण नाही.

वापरातल्या तक्रारी थोड्याच आहेत, पण गाडीखाली त्या जाणवतात. काही मिनिटे बटण न दाबल्यास उपकरण आपोआप बंद होते आणि आपण ठरवलेला सापेक्ष शून्य विसरते. पिनियनवर शून्य करून गिअरबॉक्सपर्यंत सरपटत जाईपर्यंत तो गेलेला असतो. म्हणून मी सापेक्ष शून्य वापरणेच सोडले, क्षितिजापासूनचे सरळ आकडे कागदावर लिहितो आणि वजाबाकी बाहेर येऊन करतो. उपकरण उलटे लावले की पडद्यावरचे आकडेही उलटून सरळ वाचता येतात, ही सोय मात्र अतिशय कामाची आहे, आणि पडद्याचा उजेडही पुरेसा आहे. चुंबक चांगला घट्ट आहे. त्याला लोखंडाचा कीस चिकटून राहतो आणि एक बारीकसा कणही तळाखाली राहिला तर आकडा दोन-तीन दशांश अंशांनी हलतो. प्रत्येक वाचनाआधी तळ अंगठ्याने पुसायची सवय लावून घ्यावी. फोनमधल्या पातळी दाखवणाऱ्या ॲपने हे काम होईल का, असे विचारले जाते. मी करून पाहिले. गोलसर कडा, बाजूची बटणे आणि कॅमेऱ्याचा उंचवटा यांमुळे फोन नळीवर दोनदा सारखा बसत नाही, आणि एकाच जागेची वाचने अंशभर वेगळी येतात. कंप मोजायला फोन आणि कोन मोजायला कोनमापक, ही विभागणी मला योग्य वाटते.

ज्यांच्या पिकअपची उंची वाढवली किंवा कमी केली आहे, पाटे बदलले आहेत, सेंटर बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचे माउंटिंग काढून पुन्हा लावले आहे, त्यांनी हे उपकरण घ्यावे. आणि शक्य असेल तर काम होण्याच्या आधीच घ्यावे, कारण गाडी चांगली चालत असतानाचे कोन हाती असले तर नंतरची अर्धी तपासणी आपोआप होते. माझ्याकडे ते नव्हते. आता रिकाम्या गाडीचे चार आणि भरलेल्या गाडीचे चार असे आठ आकडे मी पांढऱ्या रंगाने चासीच्या आतल्या बाजूला, सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटशेजारी लिहून ठेवले आहेत, आणि त्यांच्याखाली ‘पॅकिंग १० मिमी, दोन्ही बोल्टखाली’ असेही लिहिले आहे.